आमच्या रूमवरचं पाव्हणं

हॉस्टेलच्या रजिस्टरमध्ये आमच्या रूमवर तीन नावं आहेत. प्रत्यक्षात राहतात चौघं! चौथं मेसमध्ये जेवत नाही, त्याची हजेरी लागत नाही, पण रूममधलं एकुलतं एक धड टेबल त्यानं अडवलंय आणि थंडी, उन्हाळा, पावसाळा यांपैकी एकही ऋतू त्याला मानवत नाही. विंगमधली पोरं त्याला ‘पाव्हणं’ म्हणतात. कारण एकच. त्याची मर्जी सांभाळावी लागते आणि कधी जाणार असं विचारता येत नाही.

पाव्हणं म्हणजे ॲनालॉग सिंथेसायझर. हाताएवढी लांब लाकडी पेटी, तिच्यावर बावीस नॉब, पुढं कुठल्याशा मोडक्या खेळण्यातल्या कीबोर्डच्या अडीच सप्तकांच्या पट्ट्या. आमच्या बऱ्याच आधीच्या कुठल्या तरी बॅचनं प्रोजेक्ट म्हणून बनवलेलं. आम्ही सेकंड इयरला असताना लॅबचं कपाट आवरायला घेतलं तेव्हा ते सापडलं. लॅबवाल्या मामांनी डेडस्टॉक रजिस्टर दोनदा चाळलं आणि निकाल दिला, “ह्याला नंबरच न्हाई. म्हंजे हे कपाटात न्हवतंच. न्यायचं तर न्या, पण परत आणू नका.” अशा रीतीनं जे नव्हतंच ते आम्ही दोघांनी उचलून रूमवर आणलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदाला जावं. गॅदरिंगला ऑर्केस्ट्रावाले जो कीबोर्ड आणतात त्यात आवाज आधीच भरलेले असतात. ‘व्हायोलिन’चं बटण दाबलं की व्हायोलिन. पाव्हण्याकडे असलं काही नाही. त्याच्याकडे आहे फक्त व्होल्टेज. एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर जातो. रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली अमेरिकेत पहिली मॉड्यूल्स बनवली तेव्हापासून रूढ झालेला हा हिशेब. सप्तकात बारा पट्ट्या, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांत साधारण ८३ मिलिव्होल्टचा फरक. दोन ऑसिलेटर करवतीच्या दातांसारखी वेव्ह काढतात, पुढचा फिल्टर तिचे वरचे हार्मोनिक छाटतो, त्यापुढचा ॲम्प्लिफायर आवाज चढवतो-उतरवतो. झालं! एका वेळी एकच स्वर वाजतो. दोन पट्ट्या दाबल्या तर ते एकीचंच ऐकतं.

आणि लक्षात काहीच ठेवत नाही! बावीस नॉब फिरवून रात्री दोन वाजता एखादा असा आवाज सापडावा, की अंगावर काटा यावा; सकाळी शेजारच्या रूममधल्या कुणी ‘बघू बघू’ करत चार नॉब फिरवले की तो आवाज संपला. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तरी तस्साच परत मिळत नाही, कारण नॉबची सुई केसभर इकडे-तिकडे असते, आणि तो केसच महत्त्वाचा असतो. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या ‘प्रॉफेट-५’ या सिंथेसायझरमध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि चाळीस आवाज साठवायची सोय झाली. त्याआधीच्या वाजवणाऱ्यांकडे वही-पेन्सिल होती. आमच्याकडेही एक जर्नल आहे, फाईल करेक्शनला न गेलेलं एकमेव जर्नल.

आता बुवाची एन्ट्री. बुवा मेकॅनिकलचा, तेव्हा शेजारच्या रूमवर होता. भुदरगडकडच्या गावचा. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण केलेला, पण हे आम्हाला दोन वर्षं माहीतच नव्हतं. ‘आता गाणं बास, चार वर्षं अभ्यास कर’ असं घरी ठरलं होतं आणि त्यानं ते पाळलं होतं. नुसतं पाळलं नव्हतं, विषयच काढत नव्हता. एका रात्री भिंतीवर धपाधप हात मारून तो दारात आला.

“आरं, तुझ्या त्या पेटीत मधनंच तीव्र मध्यम कोण लावालंय?”

मला कळेना. मी काळी एकचा षड्ज लावून बसलो होतो, दुसरी पट्टी दाबलेलीच नव्हती. त्यानं सांगितलं, “खाली बारीक घुमतंय बघ. पंचमबी न्हवं आन् मध्यमबी न्हवं. डोकं उठलंय माझं.”

ती होती लाईटची घरघर! गणित करून बघितलं आणि बुवाचा कान बघून गार झालो. आपला ए.सी. सप्लाय ५० हर्ट्झचा. पियानोच्या हिशेबात खालच्या सप्तकातली पांढरी पाच ४९ हर्ट्झची आणि काळी चार ५१.९ हर्ट्झची. काळी एकला सा मानलं, तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम आणि काळी चार म्हणजे पंचम. ५० हर्ट्झ नेमके त्या दोघांच्या मध्ये, तीव्र मध्यमाला जरा चिकटून. रेक्टिफायरनंतर उरतात ते १०० हर्ट्झ, तेही त्याच जागी, फक्त एक सप्तक वर. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या माणसाच्या षड्जाशेजारी अख्खी पॉवर सप्लाय सिस्टीम बेसूर पंचम लावून बसलेली असते. ट्रान्स्फॉर्मर बाहेर काढून वेगळ्या पत्र्याच्या डब्यात घातला, ग्राउंडच्या वायरी एका ठिकाणी आणल्या, लॅपटॉपचा चार्जर काढून रेकॉर्डिंग करायची शिस्त लावली, तेव्हा घरघर गेली. पण बुवा काही गेला नाही. खुर्चीत बसला, आणि दोन मिनिटांनी म्हणाला, “लाव की परत सा.”

त्या रात्री तो गायला नाही. नुसता ऐकत बसला.

पुढं पाव्हण्याचे सगळे आजार बुवानं कानानं शोधले आणि मी मल्टीमीटरनं सिद्ध केले. जुलैत कोल्हापूरचा पाऊस लागला की पट्टी सोडल्यावर स्वर हळूहळू खाली ओघळायला लागायचा, उतारावर सोडलेल्या सायकलसारखा. पट्टी सोडल्यावर शेवटचं व्होल्टेज धरून ठेवायला एक कपॅसिटर आहे. हवेतल्या ओलीनं बोर्डवरून बारीक लीकेज होऊन तो रिकामा व्हायचा. बोर्ड स्पिरिटनं पुसला, हेअर ड्रायरनं वाळवला आणि त्या भागावर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले. (नेलपॉलिश कुणाचं होतं ही चौकशी विंगमध्ये आठवडाभर चालली होती. ते वर्गातल्या सर्वांच्या सहकार्याचं होतं, एवढंच सांगतो.)

पण खरा आजार उन्हाचा. व्होल्टेज सरळ रेषेत वाढतं आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट-दुप्पट व्हायला पाहिजे, म्हणून मध्ये एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर लागतो. तो म्हणजे ट्रान्झिस्टरची जोडी. ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट होतो. हे १८ मिलिव्होल्ट तापमानावर ठरतात, kT/q मधला तो T! एक अंश सेल्सिअसला साधारण ०.३३ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण फेब्रुवारी-मार्चात आमच्या वरच्या मजल्यावर सकाळी २० अंश आणि दुपारी ३३ अंश होतात, म्हणजे १३ अंशांचा फरक. तेवढ्यात अख्खं सप्तक शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्यानं आकसतं. सा जुळवून घेतला तर वरचा सा उतरलेला, वरचा जुळवला तर खालचा चढलेला. सकाळी सुरेल असलेलं पाव्हणं दुपारी बेसूर, आणि मेसमधून येईपर्यंत पुन्हा तिसरंच काही तरी. मूगच्या सुरुवातीच्या मशीन्सचीही ही तक्रार होतीच. वाजवणारे कार्यक्रमाआधी ती तापायला लावून ठेवायचे.

इथं जरा विषयांतर. हे यंत्र आपल्याकडच्या संगीतात उपरं आहे असं आमच्या विंगमध्ये अनेकांचं मत होतं, म्हणून शोध घेतला. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये १९६९ साली मूगचा सिंथेसायझर आला, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला, आणि काही भारतीय तरुणांनी त्यावर प्रयोग केले. त्या टेप्स कित्येक वर्षं पडून होत्या. २०२३ साली त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. (कपाटात सापडणं ही आमच्या पाव्हण्याची एकट्याची कहाणी नाही तर!) मुंबईत हिंदी सिनेमाच्या वादकांमध्ये सत्तरच्या दशकात मूग आणला तो केर्सी लॉर्ड यांनी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट चरणजित सिंग यांची. मुंबईचे हे स्टुडिओ वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, समोर मांडली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. रेकॉर्ड चालली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले, कारण शिकागोतल्या पोरांनी त्याच ३०३ वर ‘ॲसिड हाऊस’ नावाचा प्रकार काढला तो १९८७ साली. ३०३ बनवला होता बास गिटारऐवजी साथीला, आणि त्यात तो सपशेल आपटला. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. रागाला तेच तर पाहिजे!

पेटीवर हेच होत नाही. आपल्या कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मलेले गोविंदराव टेंबे म्हणजे पेटीचे बादशहा. ‘प्रभात’नं १९३२ साली इथं कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीतकार तेच आणि नायकही तेच. पण पेटी कुणाच्याही हातात असो, दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिच्यात नसतेच. मींड असल्याचा भास तेवढा निर्माण करता येतो. या आणि अशा कारणांनी आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. पाव्हण्याला मात्र ‘ग्लाइड’चा नॉब आहे. आत काय? फर्स्ट इयरला प्रॅक्टिकल केलेलं आर-सी सर्किट! व्होल्टेज एकदम उडी न मारता कपॅसिटर भरत-भरत जातं, आधी भरभर आणि पुढच्या स्वराजवळ पोचताना सावकाश. बुवानं तो नॉब पहिल्यांदा फिरवला, गंधारावरून षड्जावर आला आणि नुसता हसला. “हे कुणी शिकवलं रं ह्याला?” पुढं त्यानं तीच जागा गळ्यातून घेतली. दोन वर्षांनी त्याचा आवाज असा आम्ही ऐकला. चिरका लागला, मध्येच तुटला. पण त्यानं परत घेतली.

आता उन्हाच्या आजाराचं औषध. फायनल इयरला प्रोजेक्ट म्हणून पाव्हणंच घ्यायचं मी आणि शेठनं ठरवलं. शेठ म्हणजे आमचा तिसरा रूममेट, कोडिंगमध्ये एक नंबर. (बुवा एव्हाना रीतसर अर्ज करून आमच्या रूमवर आला होता.) गाईड मॅडमनी पाव्हणं बघितलं, ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं, “त्यात मायक्रोकंट्रोलर घाला. स्वतःचं स्वतः ट्यून होऊ दे. एक्स्टर्नलसमोर बेसूर वाजलं तर मी काही करू शकणार नाही.” शेठचं मतही तेच. मी विरोधात. दोन आठवडे आम्ही जेवताना एकमेकांशी बोलत नव्हतो. शेठचा मुद्दा चुकीचा नव्हता, हे इथं लिहून ठेवतो. जे यंत्र तासाभरात हलतं ते इंजिनिअरनं दुरुस्त करायचं असतं, त्यावर कविता करायच्या नसतात, असं तो म्हणायचा. माझं म्हणणं, हलणारा ट्रान्झिस्टर स्थिर करूया, पण सूर लावायचा हात काढून घ्यायला नको.

या भांडणात बुवा आम्हाला एका रविवारी मिरजेला घेऊन गेला. पॅसेंजरनं तास-सव्वा तास. सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडे आम्ही दुपारभर बसलो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण काम पाहिलं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं तेच. कानस, पॉलिश पेपर आणि कान. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाटसर, किंचित उताराचा असतो. तार त्यावर चाटून जाते आणि तिच्याखाली सुताचा एक धागा सरकवून ठेवलेला असतो. धागा केसभर पुढं-मागं केला की तारेचा आवाज एकदम खुलतो. सगळे हार्मोनिक उमलल्यासारखे. हीच जवारी. पाव्हण्याच्या फिल्टरचा नॉब अगदी तेच करायचा प्रयत्न करतो, हे तिथं बसून मला पहिल्यांदा कळलं. शेठनं विचारलं, “काका, एकदा जवारी लावली की किती दिवस टिकते?” ते म्हणाले, “टिकतीय की. पण वाजवणार असलात तर झिजणार. तार घासतीय, घोडीत चर पडतोय. मग परत आणायचा.” शेठनं परतीच्या गाडीत फक्त एवढंच विचारलं, की तानपुरा जुळवायला किती वेळ लागतो. बुवा म्हणाला, “चांगला जुळवायचा असंल तर गाण्यापेक्षा जास्त!”

उपाय निघाला तोही बुवाच्या घरातून. त्याच्या घरी पोल्ट्री आहे. लहान पिल्लांना ऊब द्यायला पिवळा दिवा टांगतात, हे त्यानं सांगितलं आणि आम्ही कन्व्हर्टरचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवून पत्र्याच्या डबीत घातले, वर एक छोटा दिवा. बाहेर कितीही असो, डबीत कायम सारखं ऊन. थर्मिस्टर, कंपॅरेटर आणि रिले जोडून दिवा आपोआप चालू-बंद. फक्त रिले दर मिनिटाला ‘टक्’ करायचा, आणि तो टक् आवाजात यायचा.

याच काळात बुवाचे आप्पा तांदूळ आणि भडंग घेऊन अचानक रूमवर आले. संध्याकाळची वेळ, बुवा डोळे मिटून गात होता. दार उघडंच. त्यानं त्यांना बघितलं आणि ताडकन थांबला. मी आणि शेठ उभेच राहिलो. आप्पांनी पिशवी खाली ठेवली, टेबलाजवळ आले, डबीचं झाकण उचललं आणि दिव्याखाली पालथा हात धरून बघितला, अगदी पिल्लांच्या खोक्यात धरतात तसा. “ऊन कमी हाय. दिवा जरा खाली घ्या,” म्हणाले. मग कॉटवर टेकून पाणी प्यायले. बुवा अजून उभाच. त्याच्याकडं न बघता म्हणाले, “का थांबलाईस? चालू दे की तुझं.”

दिवा आम्ही खरंच खाली घेतला. नंतर रिलेच्या टक्‌टकीला कंटाळून दिवाच काढला आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर एक पॉवर ट्रान्झिस्टर बसवून त्याचाच हीटर केला. तो गुपचूप तापतो. वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा होतो.

मायक्रोकंट्रोलरचं काय झालं? तो आहे. पण तो सूर लावत नाही, किती चुकलाय ते दाखवतो. इथं एक गंमत झाली. शेठनं पहिल्यांदा एका सेकंदात किती सायकल्स होतात ते मोजायचा प्रोग्रॅम लिहिला. काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ, आणि मोजमाप एका हर्ट्झपर्यंतच अचूक. एवढ्यात जवळजवळ १२ सेंट्सची चूक बसते. तिकडे बुवा डोळे मिटून दोन ऑसिलेटर जुळवायचा. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवतात तसं, दोघांमधली लाट ऐकत. लाट चार सेकंदांना एक झाली म्हणजे फरक पाव हर्ट्झ! स्क्रीन म्हणायची ‘बरोबर’ आणि बुवा म्हणायचा ‘अजून थोडं’. शेठला ते लागलं. त्यानं रात्रभर बसून फ्रिक्वेन्सी मोजायची सोडून पिरियड मोजायला घेतला आणि स्क्रीन बुवाच्या बरोबरीला आणली. दोघांची ही शर्यत अजून चालू आहे. लाट पूर्ण थांबली की मात्र आवाज मेल्यासारखा वाटतो, म्हणून बुवा शेवटी एक ऑसिलेटर किंचित हलवून ठेवतो. शेठ त्याला ‘एरर’ म्हणतो.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी रिपोर्ट चाळला आणि सरळ विचारलं, “फोनवर फुकटात तानपुरा मिळतो. मग हे कशासाठी?” शेठनं टेंपरेचर कॉम्पेन्सेशनवर पाच मिनिटं भाषण ठोकलं. सर ऐकत होते, पण त्यांचा हात एव्हाना फिल्टरच्या नॉबवर गेला होता. हळूहळू उघडला, बंद केला, परत उघडला. “हा रेझोनन्स का?” त्यांनी तोही वाढवला, फिल्टर शीळ घालायला लागला. मागच्या ग्रुपची वेळ होऊन गेली तरी सर शीळच घालत होते. मॅडम शांत उभ्या होत्या. मार्क बरे पडले.

आता आमचं शेवटचं सेमिस्टर संपत आलंय. शेठला पुण्यात नोकरी आहे, मी गेटच्या नादात, बुवा गावी जाऊन पोल्ट्रीचं शेड वाढवणार म्हणतोय आणि गारगोटीहून कोल्हापूरला आठवड्यातून एकदा गाण्याच्या क्लासला येणार आहे. पाव्हणं कुणी घ्यायचं यावर आमच्यात एकमत झालेलं नाही. पुण्यात शेठच्या फ्लॅटवर ते दोन ऋतू टिकणार नाही, गावी नेलं तर कोंबड्यांची धूळ. मामांनी तर आधीच सांगून ठेवलंय, परत आणू नका.

तेव्हा सेकंड किंवा थर्ड इयरच्या कुणाला हवं असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर रूमवर यावं. ब्रँच कुठलीही चालेल. जर्नल सोबत मिळेल, हीटरचं सर्किट शेवटच्या पानावर आहे. दुसऱ्या ऑसिलेटरचा ट्रिमर डावीकडं फिरवायचा नाही, तो निसटतो. आणि येताना बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या, आहे तो शेठचा आहे आणि तो घेऊन जाणार आहे.